कॉकटेलसाठी स्वस्त व्हाइट रम कशी चाखायची, कशी निवडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडून तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचे एका जागी लिहून टाकले. सोपे वर आहेत, वाकडे खाली. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा लिहायचा कंटाळा आहे त्यामुळे मधे मधे "प्र. अमुक बघा" असं दिसेल, तेवढं वर-खाली करा. आणि हो, आपल्या राज्यात रमसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिट लागतं, त्यापेक्षा लहान असाल तर लिंबू सरबत प्या.

प्र. १. व्हाइट रम म्हणजे काय भो, रंग काढलेली ओल्ड मंक का?

उलटं आहे. कोणतीही रम भट्टीतून निघते तेव्हा पाण्यासारखीच पांढरी असते. साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर जी काळी चिकट मळी उरते ती आंबवायची आणि डिस्टिल करायची, झाली रम. काही ठिकाणी थेट उसाच्या रसाची पण करतात, मार्टिनिक बेटावरची तशीच असते. डार्क रमला रंग येतो तो लाकडी पिंपातून नाहीतर कॅरॅमल टाकून. व्हाइटमधे दोन प्रकार, एक म्हणजे पिंप न बघताच बाटलीत गेलेली, आणि दुसरी म्हणजे थोडे दिवस पिंपात ठेवून मग कोळशातून गाळून रंग काढलेली. बकार्डीवाल्यांनी १८६२ मधे क्युबातल्या सँटियागोला धंदा सुरू केला, तो ह्या गाळलेल्या हलक्या रमवरच मोठा झाला.

गाळपाच्या सीझनमधे शहाद्याकडे कारखान्याजवळून गाडीवर गेला असाल तर तो गोड-आंबूस जड वास माहिती असेल. चांगल्या व्हाइट रममधे त्याची लांबची ओळख सापडते. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त रममधे सापडत नाही कारण तिचा पाया असतो ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध केलेला स्पिरिट, ज्याला ईएनए म्हणतात, आणि तेवढं शुद्ध केल्यावर तो उसाचा होता का धान्याचा हे नाकाला सांगता येत नाही, मग वरून फ्लेवर टाकावा लागतो.

प्र. २. स्वस्त म्हणजे किती रुपयांपर्यंत धरायचं?

आकडा विचारू नका, दर बदलत राहतात. जून २०२५ मधे सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा १८० मिलीच्या विदेशी मद्याची किमान किंमतच २०५ रुपये झाली. त्याच वेळी जी "महाराष्ट्र मेड" नावाची स्वस्त कॅटेगरी काढली ती धान्यापासूनच्या दारूसाठी आहे, म्हणजे उसावाल्या रमला तिचा फायदा नाही. मी स्वस्त म्हणतो ते दुकानात व्हाइट रमच्या रांगेत खालून पहिल्या दोन-तीन बाटल्या.

हिशोब बाटलीचा नको, ग्लासाचा करा. खंबा ७५० मिलीचा म्हणजे ६० चे साडेबारा पेग, क्वार्टरमधे बरोबर तीन. परीक्षा घ्यायची असेल तर क्वार्टरच घ्या, खंबा आणला की मग आवडली नाही तरी "आता आणलीच आहे तर" म्हणून संपवली जाते आणि चार दिवसांनी माणूस तीच चांगली म्हणायला लागतो.

प्र. ३. लेबलवर काय वाचायचं?

अल्कोहोल ४२.८ टक्के दिसेल, सोबत ७५ प्रूफ किंवा २५ यूपी (अंडर प्रूफ), ही अल्कोहोल मोजायची जुनी मापं, हे तिन्ही एकच. ते नसेल, कमी असेल, तर कॉकटेलमधे बर्फाच्या पाण्यात ती लवकर हरेल एवढं लक्षात ठेवा. मग फ्लेवर मिसळलाय असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा. पिंपात ठेवल्याचा उल्लेख असेल तर चांगली खूण, पण किती वर्ष ते लिहिलेलं नसेल तर फार भाव देऊ नका. महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचं लिहिलेलं आणि बुचावरचं सील अखंड पाहिजे (का ते प्र. १२ आणि १६ मधे). सुपीरियर, प्रीमियम, क्लासिक वगैरे शब्द छापायला पैसे पडत नाहीत.

प्र. ४. नीट चाखायची पद्धत सांगा ना, आम्ही तर सरळ सोडा टाकून पितो.

सोडा टाकून पिण्यात काही वाईट नाही पण त्याने रम कळत नाही, सोडा कळतो.

वेळ जेवणाआधीची. शेवभाजी खाऊन चाखायला बसलात तर पुढचा तासभर सगळ्या रम सारख्याच लागतील. ग्लास काचेचा, तोंडाशी थोडा निमुळता असेल तर भारीच, नसेल तर कटिंग चहाचा पण चालतो, फक्त त्याला भांड्याच्या साबणाचा लिंबू-वास नको. साध्या पाण्याने परत खळबळून उपडा घाला. बाटली रूम टेंपरेचरला पाहिजे असं पुस्तकात असतं, पण मे महिन्यात जळगावचं रूम टेंपरेचर म्हणजे ४० च्या वर, त्यात अल्कोहोल एवढं उडतं की नाकात नुसती झणझण. उन्हाळ्यात बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमधे ठेवा, गार करायची नाही, फक्त ताप उतरवायचा.

वीसेक मिली ओता. नाक ग्लासात खुपसू नका, हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास घ्या, तोंड उघडं असलं की झणका कमी लागतो. पहिल्या वासावर मत बनवू नका. मग तेवढंच पाणी टाका, बाटलीतलं नाहीतर आरओचं, बोअरचं खारं पाणी नको. आता ती साधारण २१ टक्क्यांवर आली, आणि इथे खरी गंमत आहे, अल्कोहोलचा पडदा बाजूला होतो आणि मागे जे काय लपलंय ते बाहेर येतं, चांगलं पण आणि वाईट पण. कंपनीत वेगवेगळ्या रम मिसळून चव जुळवणारे ब्लेंडर लोक वास घेतात ते असं पाणी घालूनच. अर्धा चमचा तोंडात घ्या, जिभेवर फिरवा, थुंका. हो, थुंका. तीन-चार रम चाखायच्या असतील आणि सगळ्या गिळल्या तर चौथी नेहमीच जिंकते.

शेवटी तळहातावर चार थेंब टाकून दोन्ही हात चोळा आणि मिनिटभर थांबा. अल्कोहोल उडून जातं आणि खाली जे उरतं त्याचा वास घ्या. काहीच उरलं नाही तर ती जवळपास व्होडका आहे. उसाचा, ओल्या गुळाचा, नाहीतर पिकल्या फळाचा हलका वास राहिला तर कामाची आहे. एसेन्सचा वास राहिला तर फ्लेवर वरून टाकलाय. आणि हात चिकट लागले तर गोडवा मिसळलाय.

प्र. ५. कोणते वास चांगले आणि कोणते वाईट?

चांगले: ऊस, मळी, पिकलेलं केळं, अननस, थोडी मिरी, गवतासारखं काहीतरी हिरवं, लिंबाची साल. केळ्याचा वास रममधे कसा, असं खूप जण विचारतात. आंबवताना जे एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाची द्रव्यं, तयार होतात त्यातला एक, आयसोअमाइल अॅसिटेट, हा केळ्याच्या वासातला पण मुख्य घटक आहे, म्हणजे रावेरच्या माणसाला हा वास शिकवायची गरज नाही. जमैकाच्या रममधे एस्टर इतके असतात की तिथे ते मोजून माल विकतात.

वाईट: नेलपॉलिशचा वास (थोडा चालतो, पुढे असेल तर नको), जळालेलं रबर, सडलेलं अंडं, ओलं पुठ्ठं, आणि आइसक्रीमवाल्या व्हॅनिलाचा भपकारा. रबर आणि अंड्याचा वास कॉकटेलमधे लपत नाही, उलट लिंबू पिळल्यावर जास्त वर येतो, अशी बाटली सोडून द्या. हॉस्पिटलच्या स्पिरिटसारखा वास हा मधला प्रकार, पाणी टाकून पाच मिनिटं ठेवल्यावर गेला तर ठीक, नाही गेला तर ती थम्सअपमधेच जाऊ द्या.

प्र. ६. पण स्मूद असली म्हणजे चांगलीच ना? माझी तर पाण्यासारखी उतरते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. कॉकटेलच्या रममधे स्मूदपणा हा गुण धरू नका. घशाला लागत नाही याची दोन कारणं असतात, एकतर तिच्यात काही उरलेलंच नाही, नाहीतर गोडवा टाकलाय. नुसती प्यायला दोन्ही चालतील. पण तिच्यावर तुम्ही लिंबू पिळणार, साखर टाकणार, बर्फ टाकून हलवणार, बर्फाचंच पाणी चांगलं चतुर्थांश भर घालतं, एवढं सगळं झाल्यावर त्या पाण्यासारख्या रमचं काय राहणार? फक्त कडवट सरबत. थोडी खरखरीत, थोडी तिखट, नाकात उसाची आठवण ठेवणारी रम नुसती प्यायला नको वाटते पण ग्लासात तीच उभी राहते.

भरताचं वांगं कोणी कच्चं चावून निवडत नाही, भाजल्यावर कसं होईल ते बघून निवडतो, तसंच आहे हे. नुसती चाखायची ती दोष शोधायला. निकाल द्यायचा तो तयार ग्लासावर, म्हणजे प्र. ७.

प्र. ७. मग परीक्षा कोणत्या कॉकटेलवर घ्यायची?

डायकिरी, दुसरं काही नको. नाव क्युबातल्या सँटियागोजवळच्या गावावरून आलंय आणि त्यात तीनच वस्तू असल्याने रमला लपायला जागा नाही. ६० मिली रम, २५ मिली ताजा लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे एकतारी वगैरे नको, साखर आणि पाणी सारखं घेऊन विरघळवलं आणि गार केलं की झालं. भरपूर बर्फ टाकून शेकरमधे, शेकर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत, दहा-बारा सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या. बर्फ घरचा असेल तर फ्रीझरमधल्या माशाचा, लसणाचा वास त्याला लागलेला नको. आणि गाडीवरचा लादीचा बर्फ पिण्यात टाकू नका.

आता बघायचं काय. पहिला घोट गार असताना, त्यात लिंबू पुढे येईल, येऊ द्या. घोट गिळल्यावर नाकातून श्वास सोडा, तिथे रम सापडली पाहिजे. मग ग्लास तसाच ठेवून पाच-सात मिनिटांनी परत घोट घ्या. कोमट व्हायला लागलेली डायकिरी खोटं बोलत नाही, दोष असेल तर तिथे येतोच. दुसरा घोट पहिल्याइतकाच घ्यावासा वाटला तर रम पास, किंमत काहीही असो.

प्र. ८. आपलं लिंबू चालेल का? परदेशी व्हिडिओत मोठं हिरवं लाइम असतं.

चालेल काय, आपलं कागदी लिंबू जास्त बरोबर आहे. अमेरिकेत ज्याला "की लाइम" (Key lime) म्हणतात ते ह्याच जातीचं, क्युबाकडे पण हेच छोटं लिंबू वापरतात. मोठ्या लाइमपेक्षा हे आंबट जास्त आणि वासाला तेज, म्हणून वर ३० ऐवजी २५ मिली लिहिलंय. पिळून ठेवलेला रस दुसऱ्या दिवशी कडवट होतो, तेव्हा पिळायचं आणि लगेच वापरायचं. उन्हाळ्यात लिंबू महाग होतं आणि रस पण कमी निघतो, तेव्हा बाटलीतला तयार रस घ्यायचा मोह होतो, पण परीक्षेसाठी अजिबात नाही, त्याचाच वास रमच्या नावावर खपतो.

प्र. ९. मला फक्त मोहितो आणि थम्सअप प्यायचंय, मग एवढी झंझट कशाला?

मग नका करू. पुदिना, सोडा, साखर आणि लिंबू एवढं एकत्र आल्यावर मधल्या दर्जाच्या दोन रममधला फरक ओळखणं अवघड आहे, आणि थम्सअप तर एवढी मसालेदार की तिच्यात प्र. ५ मधल्या सडक्या वासाची नसली की कोणतीही खपते, वर लिंबाची फोड पिळा म्हणजे क्युबा लिब्रे झालं म्हणायला मोकळे. मोहितोत पुदिना कुटू नका, नुसता दाबा, कुटला की कडू होतो आणि लोक रमला शिव्या देतात.

प्र. १०. दोन रममधली चांगली कोणती हे भांडण कसं मिटवायचं?

झाकून. लेबल दिसलं की जीभ ऐकत नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा हे करायला मस्त वेळ असतो, वांगी काट्यांवर भाजली जात असतात आणि कोणाला काम नसतं. तीन सारखे ग्लास घ्या, दोघांत एकच रम आणि तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा, चाखणारा पाठमोरा. ग्लासांच्या बुडाला खालून पेनाने खूण करा. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं की वेगळा ग्लास कोणता. वेगळा ओळखता आला तरच पुढे "चांगला कोणता" विचारायचं.

आमच्याकडे एक काका आहेत, बकार्डीशिवाय हात लावणार नाही म्हणणारे. ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, मान हलवली, मधल्या ग्लासावर बोट ठेवून म्हणे ही बघा क्वालिटी, बाकीच्या दोन गाळ. बूड उलटं करून बघितलं तर मधला आणि उजवा एकाच बाटलीतले. काका म्हणे मग उजवा ग्लास धुतलेला नसेल.

प्रत्येकाला तीन-चार फेऱ्या द्या, ग्लासांची जागा बदलत. एका फेरीत तुक्का पण लागतो. आणि घोट चमचाभरच.

प्र. ११. व्हाइट रमच्या ऐवजी व्होडका टाकली, नाहीतर रम फिल्टरमधून गाळली तर?

दोन प्रश्न आहेत पण उत्तर एकाच दिशेचं. व्होडका टाकून प्र. १० ची परीक्षा डायकिरीवर घ्या. फरक कळला नाही तर तुमची रम नावापुरती रम आहे, पुढच्या वेळी जी स्वस्त असेल ती घ्या. कळला तर त्या फरकाचेच पैसे तुम्ही देताय.

गाळायचं म्हणाल तर पाण्याच्या कार्बन फिल्टरमधून रम गाळायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. वास कमी होतो हे खरं, पण वाईटाबरोबर चांगला पण जातो, हातात राहते ती व्होडका आणि एक खराब झालेला फिल्टर.

प्र. १२. आग लावून बघितली की शुद्ध आहे का कळतं ना? निळी ज्योत म्हणजे ओरिजिनल?

नाही. हे मजेने घेऊ नका. पेटते म्हणजे अल्कोहोल पुरेसं आहे, एवढंच कळतं. विषारी मिथेनॉल पण पेटतं आणि त्याची ज्योत पण फिकी निळी, उजेडात तर दिसत पण नाही. मिथेनॉल चवीने किंवा वासाने पण ओळखता येत नाही, मी वर लिहिलेली एकही परीक्षा त्यासाठी नाही. त्यावर उपाय एकच, लायसन्सच्या दुकानातून सीलबंद बाटली, बुच हलत असेल किंवा बाटली उघडून पुन्हा भरल्यासारखी वाटली तर परत. पिल्यानंतर बऱ्याच तासांनी धूसर दिसायला लागलं, पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या तर हँगओव्हर समजून झोपू नका, सिव्हिल गाठा आणि डॉक्टरला काय पिलं ते खरं सांगा.

प्र. १३. व्हाइटने हँगओव्हर कमी होतो म्हणे? आणि जाड होत नाही?

डार्कपेक्षा तिच्यात इतर द्रव्यं कमी असतात म्हणून किंचित फरक पडू शकतो, पण डोकं दुखतं ते मुख्यतः किती पिलं त्याने. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं म्हणजे १४० कॅलरी, पांढरी असो का काळी. पाक आणि चखण्याचं वेगळं धरा.

प्र. १४. केळ्याची डायकिरी, उसाच्या रसात रम असं काही आपल्याकडचं जमतं का?

केळं भारी जमतं, कारण प्र. ५ मधे आलंच. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या, अर्धं पुरे, पाक अर्ध्यावर आणा, लिंबू तेवढंच ठेवा, बर्फासकट मिक्सरमधून काढा. इथे थोडी उग्र रम पाहिजे, नाहीतर ते शिकरण होतं.

रसवंतीचा रस चांगला लागतो पण आलं-लिंबू न टाकलेला मागा आणि आणला की लगेच वापरा, आपल्या उन्हात तो लवकर आंबतो. पाक टाकायचा नाही, लिंबू वाढवायचं. गुळाचा पाक मात्र परीक्षेत नको, गूळ एवढा बोलतो की स्वस्त रम पण महागडी वाटते. पार्टीत हीच गोष्ट फायद्याची आहे, ते तुम्ही बघा.

नंदुरबारकडून विचारतात की व्हाइट रमच्या जागी मोहाची टाकली तर. मोहाची फुलाची असते, तिचा वास वेगळाच आणि तो लिंबाशी भांडतो असं माझं मत. शिवाय घरची काढलेली किती टक्क्याची हे कोणालाच माहिती नसतं त्यामुळे ६० मिलीचं माप तिथे लागू होत नाही.

प्र. १५. उघडलेली बाटली किती दिवस टिकते? उन्हाळ्यात खराब होते का?

सडत नाही, इतकं अल्कोहोल असताना तिच्यात काही वाढत नाही. पण वास उतरत जातो, विशेषतः बाटली तळाला आली की, कारण आत हवाच जास्त. अर्ध्याच्या खाली गेली की दोन-चार महिन्यांत संपवा किंवा छोट्या बाटलीत काढा. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवरच्या कपाटात, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, तापली की बुचातून वास उडतो. उभी ठेवा, अंधारात ठेवा. फ्रीझरमधे ठेवली तर गोठत नाही पण तिथून काढून चाखू नका, गारठ्यात दोष पण झोपतात.

प्र. १६. सेंधव्याला, बऱ्हाणपूरला स्वस्त मिळते म्हणून आणली तर? आणि सुरतेला लग्नाला नेली तर?

मध्य प्रदेशची बाटली ही तिथे विकायला शुल्क भरलेली असते, इकडे आणणं गुन्हा आहे, बॉर्डरवर गाड्या तपासतात. शिवाय परीक्षेच्या दृष्टीने पण गडबड होते, एकाच ब्रँडची दोन राज्यातली बाटली वेगवेगळ्या ठिकाणी भरलेली असू शकते, म्हणून मित्राने तिकडची पिऊन केलेली तारीफ इकडच्या बाटलीला लावू नका. ह्याच कारणाने मी कोणत्या ब्रँडला पास-नापास लिहून देत नाही.

सुरतेला अजिबात नेऊ नका. गुजरातमधे राज्य झालं तेव्हापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमधे आहे, लोक तिथे फोटो काढतात, पण बॅगेत क्वार्टर असेल तर त्याच प्लॅटफॉर्मवर चालता चालता तुम्ही दुसऱ्या कायद्यात जाता. महाराष्ट्राचं परमिट तिकडे चालत नाही. लग्नात डायकिरी पाजायचीच असेल तर रम वगळून लिंबू, पाक, सोडा आणि चिमूटभर काळं मीठ न्या, पुदिना तिकडे मिळतो.